‘चर्चने १९६५ साली पलटी मारली’ म्हणणाऱ्यांना

एकच मजकूर दोन विरुद्ध गोटांतून फिरतो आहे. ‘१९६५पर्यंत कॅथलिक चर्च सांगायचं की चर्चबाहेरचे सगळे नरकात जाणार. मग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ते गुंडाळून ठेवलं आणि आता पोपच म्हणतात, सगळे धर्म सारखे.’ (ही परिषद म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेली जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा.) परंपरावादी कॅथलिक हा मजकूर चिडून पाठवतात, उदारमतवादी खूश होऊन. मूळ कागदपत्रं उघडायची तसदी दोघांनीही घेतलेली दिसत नाही.

पहिला दावा: आधी बाहेरच्या कुणालाच तारण, म्हणजे पापातून सुटका आणि सार्वकालिक जीवन, नव्हतं. ‘चर्चबाहेर तारण नाही’ हा विचार तिसऱ्या शतकातले कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मांडला. त्यांचा रोख चर्चमधून फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांवर होता. पुढे तो कठोर होत गेला हे मात्र खरं. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने लिहिलं की मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटीर मरणापूर्वी चर्चमध्ये आले नाहीत, तर अनंत अग्नीत जातील. या ओळी समजावताना आजच्या धर्मपंडितांची तारांबळ उडते, आणि ती उडायलाच हवी. पण हीच तेवढी परंपरा नव्हे. १०७६ साली पोप सातवे ग्रेगरी आजच्या अल्जीरियातल्या अन-नासिर या मुस्लिम राजाला लिहितात की आपण दोघेही एकाच देवाला मानतो, जरी वेगळ्या रीतीने. १८६३ साली पोप नववे पायस, म्हणजे आधुनिक जगाशी उभा दावा मांडलेले पोप, लिहितात की स्वतःचा दोष नसताना ज्यांना खरा धर्म कळलाच नाही आणि जे प्रामाणिकपणे जगतात, त्यांना देवाच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळू शकतं. त्याच पत्रात ‘चर्चबाहेर तारण नाही’ हेही ते ठणकावून सांगतात. हा ताण चर्चच्या शिकवणीतच आहे, १९६५ साली कुणी बाहेरून आणलेला नाही.

बोस्टनचे फादर लेनर्ड फीनी यांचं प्रकरण तर या दाव्याला सरळ छेद देतं. कॅथलिक नसलेल्यांना तारण नाहीच, असं ते शब्दशः शिकवू लागले. १९४९ साली रोमने कळवलं की हा अर्थ चुकीचा आहे. ते ऐकेनात, रोमला बोलावल्यावर गेलेही नाहीत, आणि १९५३ साली बहिष्कृत झाले. बहिष्काराचं अधिकृत कारण आज्ञाभंगाचं, पण वादाचं मूळ काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गादीवर तेव्हा बारावे पायस होते आणि व्हॅटिकन परिषद सुरू व्हायला नऊ वर्षं अवकाश होता.

दुसरा दावा: परिषदेने सगळे धर्म सारखे ठरवले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ‘नोस्त्रा एताते’ हे इतर धर्मांविषयीचं निवेदन परिषदेत मंजूर झालं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, हे त्यातलं वाक्य सगळे उचलतात. लगेच पुढे आहे की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे ही घोषणा चर्चने सतत केलीच पाहिजे. ते कुणी पाठवत नाही. याच्या आदल्या वर्षी, ३ डिसेंबर १९६४ रोजी, पोप सहावे पॉल यांनी मुंबईत इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर ‘असतो मा सद्गमय’ ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली होती. आदर खरा होता. पण मुंबईला ते आले होते ते कॅथलिकांच्या युखरिस्ट (ख्रिस्तप्रसादाचा विधी) महोत्सवासाठी.

पोप फ्रान्सिस यांच्या वाक्याबद्दल थोडक्यात. १३ सप्टेंबर २०२४ रोजी सिंगापुरात तरुणांशी बोलताना सगळे धर्म देवाकडे जाण्याचे मार्ग आहेत असं ते म्हणाले, हे खरं आहे, आणि ते सैल वाक्य होतं असं माझं मत. पण उत्स्फूर्त गप्पांनी सिद्धांत बदलत नाही. ‘दोमिनुस येसुस’ या व्हॅटिकनच्या २००० सालच्या अधिकृत निवेदनात इतर धर्मीयांना कृपा मिळू शकते, मात्र त्यांची स्थिती गंभीररीत्या उणी आहे, असं म्हटलंय. ते कुणी मागे घेतलेलं नाही. त्याला मान्यता देणारे पोप दुसरे जॉन पॉल, म्हणजे १९८६ साली असिसीला सगळ्या धर्मांना प्रार्थनेसाठी बोलावणारेच.

आता या मजकुरात जिथे खरंच दम आहे ते सांगतो. बदल झाला तो धर्मस्वातंत्र्याबाबत. १८३२ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी विवेकस्वातंत्र्याच्या मागणीला वेडेपणा म्हटलं होतं. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने धर्माच्या बाबतीत सक्ती न होणं हा प्रत्येक माणसाचा हक्क ठरवला. १५६० साली सुरू होऊन १८१२ साली कायमचं बंद झालेलं गोव्याचं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) ज्यांना आठवतं, त्यांना या दोन वाक्यांतलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. ‘ही फक्त शिकवणीची वाढ आहे’ असं रोम म्हणतं. मला ते पुरेसं वाटत नाही. परंपरावाद्यांचे पुढारी, फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनाही पटलं नाही, अर्थात उलट्या कारणाने: त्यांना हा बदलच नको होता. १९८८ साली पोपच्या परवानगीशिवाय चार जणांना बिशपपदाची दीक्षा दिल्यावर ते आणि ते चौघे बहिष्कृत झाले. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला, दोन वर्षं सैद्धांतिक बैठकाही झाल्या, पण धर्मस्वातंत्र्यावर समेट झाला नाही.