अलमट्टीवर बोला, पण खांबावरही लिहा

जुलै उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनच विषय उरतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, आणि कृष्णेवरचे कर्नाटकातले अलमट्टी धरण. पहिल्यावर सगळे एका सुरात बोलतात, दुसऱ्यावर मामा आणि दादा यांची जुंपते. मी जपानमधल्या ओकायामात बसून दोन्ही वाचतो.

अलमट्टीत अडवलेल्या पाण्यामुळे आपल्याकडे पूर वाढतो का, हा वाद पोकळ नाही. कर्नाटकाला धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. शिरोळच्या शेतकऱ्याने धास्ती घेतली तर नवल काय? पण २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मुख्य खापर अलमट्टीवर फोडले नव्हते. तिने बोट ठेवले अतिवृष्टीवर आणि नदीकाठच्या अतिक्रमणांवर. अतिक्रमणांविरुद्ध मात्र मोर्चा निघत नाही. निघाला तर पुढे कोण चालणार, हा प्रश्नच आहे. पूररेषेतले प्लॉट काही परक्यांनी घेतलेले नाहीत.

माझ्या इथून जवळच कुराशिकी शहराचा माबी हा भाग आहे. तिथे तेव्हा ओदा नदी ताकाहाशी या मोठ्या नदीला मिळायची. जुलै २०१८ मध्ये ताकाहाशी फुगली, ओदाचे पाणी मागे तुंबले आणि बांध फुटले. नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगा हलत नाही, हे बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला हा फुगवटा वेगळा समजावून सांगायला नको. माबीत ५१ माणसे गेली; बहुतेक म्हातारी, बरीचशी स्वतःच्याच घरात. आणि पुराचा नकाशा तयार होता, लोकांपर्यंत पोहोचवलाही होता. पाणी जवळपास त्या नकाशाबरहुकूम पसरले.

त्यामुळे ‘जपानकडून शिका’ असे कोणी म्हणाले की मी जरा सावध होतो. नंतर त्यांनी नद्यांचा संगमच सुमारे साडेचार किलोमीटर खाली नेला. ते आपल्या खिशाला झेपणारे नाही. झेपणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. इथे बऱ्याच गावांत विजेच्या खांबावर पाणी कुठवर येऊ शकते त्याची खूण असते. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. चौथी जाहीर झाली की धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी निघायचे, चर्चा नाही. आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला कोणी, कुठे न्यायचे याचा माणसागणिक आराखडा पालिकांनी करावा, असे २०२१ पासून कायदाच सांगतो.

आपल्याकडे माहितीचा तुटवडा नाही. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळकरी पोरही सांगेल. शिवाजी पुलापाशी पाणी ठराविक खुणेला लागले की जुनी माणसे ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात. चिखली-आंबेवाडीकर जनावरे कधी हलवायची ते कुणाला विचारत नाहीत. पण रमणमळ्यात नव्याने फ्लॅट घेतलेल्याला ४३ फूट म्हणजे आपल्या पार्किंगपासून किती लांब, ते कळत नाही. सुतारवाड्यातल्या आजोबांना कळते, पण त्यांच्याशी त्याची ओळख नाही.

आणि आजोबांचाही आता भरवसा धरता येत नाही. ‘८९ ला पाणी इथवर आले नव्हते,’ या एका वाक्यावर २०१९ मध्ये कितीतरी घरे सामानासकट जागेवर राहिली. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले, २०२१ मध्ये ५६ च्या. अरबी समुद्र तापतोय, महिन्याचा पाऊस चार-पाच दिवसांत कोसळतोय. राधानगरी धरण तुडुंब भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे कुणाच्या आठवणीची वाट बघत नाहीत. हवामानबदल शाळेत ध्रुवावरच्या अस्वलाच्या चित्राने शिकवतात. गगनबावड्याच्या पावसाच्या आकड्यांनी शिकवला तर घरातही त्यावर बोलणे होईल.

हे काम करायला नवे खाते नको. पुरात बोटी घेऊन उतरणारी आपली तालीम मंडळेच आहेत. बंधाऱ्यावर अमुक फूट झाले की पाणी इथे, अशी रेघ प्रत्येक गल्लीतल्या खांबावर २०१९ आणि २०२१ च्या पाण्यावरून मारता येईल. महापालिकेने फक्त आकडे तपासून द्यावेत. सोबत गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे एका पोराचे नाव. खर्च गणपतीच्या वर्गणीतून सहज निघेल, फक्त काम मे महिन्यात व्हायला हवे. अलमट्टीचे भांडण तोवर चालू राहूदे, मामा काही ऐकणार नाहीत.