गिरण्या भय्यांनी खाल्ल्या नाहीत

निवडणूक जवळ आली की आमच्या जुन्या चाळीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. लिहिणारा कोण ते कुणालाच ठाऊक नाही, पण पुढे ढकलणारे सगळे माझ्यासारखेच, गिरणी कामगारांची पोरं. मजकूर थोडक्यात असा: “परप्रांतीयांचे लोंढे आले आणि मराठी माणसाची गिरणीतली नोकरी गेली. कम्युनिस्ट परक्यांचीच बाजू घेत बसले, म्हणून कामगाराने 1970 साली लाल बावटा टाकून शिवसेना धरली. परप्रांतीय हाच मराठी कामगाराचा एकमेव प्रश्न होता आणि आजही आहे. जगभर कामगार हेच सांगतोय, ब्रिटन बघा.”

वाचायला झक्कास आहे. पण यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हातात फारसं काही उरत नाही.

आधी नोकरीचं बघू. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, होते. कायम होण्याआधी सात वर्षं बदली कामगार. बदली म्हणजे पहाटे उठून डबा घेऊन खात्याच्या दारात उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी खाडा केला तर जॉबर, म्हणजे मुकादम, बोट दाखवणार, ज्याच्याकडे बोट गेलं तो आत. बाकीचे घरी. सकाळी आठच्या सुमाराला भरलेला डबा जिन्यावरून परत आला की आई काही विचारायची नाही, दुपारी आम्हा भावंडांना तोच वाढायची. त्या दारातल्या रांगेत वडिलांच्या पुढे-मागे कोकणातले, घाटावरचे आणि आझमगड-जौनपूरकडचेही लोक असत. आझमगडचा एकजण पुढे वडिलांच्या शेजारच्या साच्यावर आला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात वडीलही होते आणि तोही होता. संप लांबला तसा तो मुलखात गेला, वडील मालवणला गेले. दोघांपैकी कुणालाच साचा परत मिळाला नाही. त्याने वडिलांची नोकरी घेतली कधी?

मग काम गेलं कुठे? बरंचसं भिवंडीच्या यंत्रमागांवर. संपाच्या आधीपासूनच कापड तिथे विणलं जायला लागलं होतं, कारण तिथे ना युनियन, ना बोनस, ना आठ तासांची पाळी. “पण भिवंडीत माग चालवणारे परप्रांतीयच की!” असं कुणी म्हणेल. हो, बरेचसे होते आणि आहेत. पण साचा परळहून उचलून भिवंडीला त्यांनी नेला नाही. बारा तास माग चालवणाऱ्याने आठ तासवाल्याला घालवलं असं म्हणायचं, तर त्या दोघांमधल्या चार तासांचे पैसे कुणाच्या खिशात गेले तेही सांगायला लागेल. मजकुरात तो खिसा कुठेच दिसत नाही.

आणि जमीन. गिरणीतलं कापड जितकं देत नव्हतं तितकं गिरणीखालची जमीन देणार, हे मालकांना आपल्या आधी कळलं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ठरवलं होतं की गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची सगळी मालकाची. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. गिरण्यांची जमीन म्हणजे बहुतेक बांधकामच, तेव्हा काय उरलं ते गिरणीच्या जागी झालेल्या फिनिक्स मॉलच्या आजूबाजूला उभं राहून बघावं. नियम बदलला तेव्हा सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. पण मराठी माणसाच्या कैवाऱ्यांनी हात झटकायचं कारण नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक तीनची जमीन 421 कोटींना विकली, तेव्हा खरेदीदारांत शिवसेनेचे माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या चिरंजीवांची आणि राज ठाकरेंची कंपनी होती. यात आझमगडचा कोण होता?

दुसरं वाक्य 1970 चं. इथे निदान एक खरी घटना आहे. 5 जून 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडून थोडक्या मतांनी हरल्या. सेनेचा पहिला आमदार तो. त्याआधी डिसेंबर 1967 मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला होता. एका आमदाराचा खून आणि एका कचेरीची मोडतोड जमेस न धरता ‘कामगाराने सेना धरली’ म्हणायचं, याला मी तरी निव्वळ मतपरिवर्तन म्हणणार नाही.

बरं, धरली म्हणजे घट्ट धरली का? जानेवारी 1974 मध्ये गिरणगावाच्या लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे रामराव आदिक उभे, सेनेचा त्यांना पाठिंबा. निवडून आल्या कम्युनिस्ट रोझा देशपांडे, कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांग्यांची मुलगी. डिसेंबर 1984 ला इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत देशभर काँग्रेस धो धो निवडून येत असताना याच भागाने दत्ता सामंतांना दिल्लीला पाठवलं. संप हरलेला, भाकरीची भ्रांत, तरी मत संपाच्या पुढाऱ्याला. लोकसभेला हा भाग सेनेकडे गेला तो 1989 मध्ये. पालिका त्याआधी, 1985 ला आली, 170 पैकी 74 जागा घेऊन. तेव्हाही प्रचाराचा जोर मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाईल या भीतीवर होता. एका रात्रीत बावटा टाकल्याची गोष्ट सांगायला सोपी आहे, प्रत्यक्षात त्याला पंधरा-वीस वर्षं लागली, आणि त्यातली निम्मी वर्षं संपाच्या आणि संपानंतरच्या उपासमारीची.

‘कम्युनिस्ट परक्यांची बाजू घेत बसले’ हे तर हसण्यावारी न्यावं असं आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे कुठे होते हे ज्यांच्या आजोबांनी फोर्टात लाठ्या खाल्ल्या त्यांना सांगायला नको. 1957 ला ते मुंबईतून लोकसभेवर गेले ते त्याच लाटेवर.

कम्युनिस्टांची चूक वेगळी होती, आणि ती मी घरात बसून पाहिली आहे. युनियन गिरणीच्या गेटवर भेटायची. पगार, बोनस, खाडे, मेमो, सगळं गेटवर. चाळीत मात्र तिचं कुणी नसायचं. आमच्या मजल्यावरचा नळ पहाटे चारला यायचा आणि अर्ध्या तासात जायचा. हंड्यांच्या रांगेत रोज भांडण. ते भांडण सोडवायला, पालिकेत जाऊन पाइप बदलून घ्यायला, रात्री दोनला बाळंतिणीला केईएमला न्यायला गाडी आणायला शिवसेनेच्या शाखेतली पोरं यायची. शाखा चाळीच्या तोंडाशीच होती, बाकडं, फळा, भगवा झेंडा. वडील शेवटपर्यंत लाल बावट्याचे, पण माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला घेऊन गेलेली गाडी शाखेची होती, आणि पुढच्या निवडणुकीत आईने कुणाला मत दिलं ते वडिलांनी तिला कधी विचारलं नाही. संपानंतर गेटच राहिलं नाही. मग गेटवरची युनियन कुठे उभी राहणार? शाखा होती तिथेच होती.

मजकूर फिरवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 19 जून 1966 ला सेना स्थापन झाली तेव्हा तिची तक्रार गिरणी कामगाराची नव्हतीच. बाळासाहेब ठाकरेंच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणून ज्या याद्या छापून यायच्या त्या साहेबांच्या आणि कारकुनांच्या, दाक्षिणात्य नावांच्या. फोर्टमधल्या कचेऱ्यांतला टंकलेखक, बँकेतला कारकून यांचं ते दुखणं, दादर-गिरगावच्या मॅट्रिक झालेल्या मुलांचं. साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मद्रासी स्टेनोशी काय स्पर्धा? त्याच्यापर्यंत सेना पोचली ती नळाच्या आणि गाडीच्या वाटेने.

आता ‘एकमेव प्रश्न’. खरंच तसं असतं तर राज ठाकरेंच्या मनसेचं गणित कसं मांडायचं? 2008 मध्ये टॅक्सीवाल्यांना मारहाण, रेल्वे परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण, देशभर गाजावाजा. 2009 च्या विधानसभेत 13 आमदार. 2014 ला एक, 2019 ला एक, 2024 ला शून्य. याच काळात परप्रांतीय मुंबई सोडून गेले म्हणावं तर तसंही नाही. म्हणजे प्रश्न तोच राहिला आणि मतं मात्र गेली. एकाच प्रश्नावर जगणारा मतदार असा वागत नाही.

पण इथे मला उलट बाजूच्या शहाण्यांनाही थोडं थांबवायचं आहे. ‘हे सगळे संकुचित, यांना कशाचं दुःख आहे?’ असं म्हणणारे बहुधा कधी आपल्याच गल्लीत उपरे झालेले नसतात. 2001 च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे 45 लाखांच्या वर होते, 2011 ला 44 लाख. त्याच दहा वर्षांत हिंदी सांगणारे सुमारे 26 लाखांवरून 36 लाखांच्या घरात गेले. हे आकडे खरे आहेत आणि ज्याला ते रस्त्यावर जाणवतात तो खोटं बोलत नाही. मात्र मराठी संख्या घटली ती आमच्यासारख्यांमुळे. वडिलांनी दहा बाय बाराची खोली विकली आणि आम्ही डोंबिवलीला गेलो. समोरचे बदलापूरला, वरचे विरारला. खोलीचे पैसे आणि फंड मिळून मुंबईत दुसरी खोली येत नव्हती. कुणी आम्हाला हुसकून लावलं नाही, जागेच्या भावाने हुसकलं. आणि 1961 च्या जनगणनेतही या शहरात मराठी निम्म्याहून कमीच होते. आपण ज्या भरगच्च मराठी मुंबईच्या आठवणी काढतो ते गिरणगाव होतं, अख्खी मुंबई नव्हे. ते गेलं, म्हणून मुंबई गेल्यासारखी वाटते.

ब्रिटनचं थोडक्यात. 2016 च्या सार्वमतात लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावाने 75.6 टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिलं. तिथे भाजीपाल्याच्या शेतांवर पूर्व युरोपातले लोक थोड्या वर्षांत मोठ्या संख्येने आले होते, तेव्हा स्थलांतराचा मुद्दा तिथे होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सर्वात जास्त परदेशी असलेल्या लंडनने जवळपास 60 टक्के मत राहण्याच्या बाजूने दिलं. आणि वेल्सच्या ब्लाएनाउ ग्वेंट या भागात परदेशी अगदीच थोडे असूनही 62 टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं. तिथल्या एब व्हेलचा पोलादाचा कारखाना 2002 मध्ये बंद झाला होता. बघायला सांगितलंच आहे, तर मी तिथे बघेन. ते गाव मला ओळखीचं वाटतं.

परवा हा मजकूर पुन्हा आला, त्याला चाळीसेक अंगठे पडले. त्याच्या जरा वर, खालच्या मजल्यावरच्या एकाने विचारलं होतं, वडील वारले, म्हाडाच्या गिरणी कामगार सोडतीसाठी वारस म्हणून काय कागद लागतात? पहिली सोडत 2012 ला 6,925 घरांची निघाली, अर्ज लाखाच्या पुढे. आता मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. त्या प्रश्नाला एकही उत्तर नव्हतं. मी लिहिलं: तिकीट नंबर, लाल पास, फंडाचा किंवा ईएसआयसीचा नंबर, पगाराची एखादी पावती असेल तर ती, 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर होते याचा पुरावा, आणि वारसाचा दाखला. लाल पास सापडत नसेल तर आईच्या ट्रंकेत तळाशी बघ, आमचा तिथेच होता.