बदनामी कशी करून घ्यावी (लंडनच्या होतकरू पुढाऱ्यांसाठी)

समजा तुम्ही १७९० च्या दशकात लंडनला आहात, पार्लमेंटात नुकतेच निवडून आलात आणि अजून तुमची एकदाही जाहीर बेइज्जती झालेली नाही, तर राव तुमचं काही खरं नाही. भाषणं राहू द्या बाजूला. हॅना हम्फ्रीबाईंच्या छापील चित्रांच्या दुकानाच्या काचेत आपलं थोबाड लागलंय का ते आधी बघा. व्यंगचित्रकार जेम्स गिलरे त्यांच्याकडेच राहतो, तांब्याच्या पत्र्यावर सुईने तुमचं नाक ओरबाडतो, मग ॲसिड, मग शाई, मग हाताने रंग, की झाला तुमचा सत्कार, आणि ज्यांना प्रिंट परवडत नाही ते रस्त्यावर उभे राहून फुकटात खिदळणार, तेवढी गर्दी जमली म्हणजे तुम्ही मोठे झालात असं समजायचं.

चिडायचं मात्र नाही हं. युवराजांकडून (पुढचे चौथे जॉर्ज) शिका. १७९२ मधे गिलरेने त्यांना काढलं, ढेरीवर वेस्टकोट तटतटलेला, काट्याने दात कोरतायत आणि मागे थकलेल्या बिलांवर भरून वाहणारं शौचपात्र. त्याच वर्षी वडील, म्हणजे खुद्द राजेसाहेब, कवडीचुंबकासारखे अंडं खाताना. (बापलेकांना सारखा न्याय, हे आवडलं आपल्याला.) आणि युवराज काय करतात, तर हम्फ्रीबाईंचं गिऱ्हाईक होतात!

हिंदुस्थानातले गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिससाहेब घ्या. १७९१ ला टिपूच्या श्रीरंगपट्टणहून ऐन पावसात माघार, फौज उपाशी, वाटेत आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ रसद घेऊन भेटले म्हणून निभावलं. गिलरेने काय दाखवलं, तर साहेब गाढवावर आणि तटावरून टिपू त्यांच्यावर मुततोय. पुढच्या वर्षी साहेब मार्क्विस, म्हणजे बडे उमराव, झाले की नाही? मग.

आणि काहीच जमत नसेल तर सरळ वशिला लावा, लाजता काय. तरुण खासदार जॉर्ज कॅनिंगने तेच केलं, स्नीड नावाच्या पाद्री मित्राला मधे घालून आपण कधी चित्रात येणार म्हणून मागेच लागला. शेवटी १७९६ मधे आला एकदाचा, फ्रेंच लंडनमधे घुसलेत अशा चित्रात, दिव्याच्या खांबाला फासावर लटकलेला. तिथेही एकटा नाही, जोडीला अजून एक जण टांगलेला. पुढे १७९७ पासून याच कॅनिंगच्या मंडळींकडून गिलरेला पेन्शन, वर्षाला २०० पौंड. तेव्हा खर्चाची तयारी आधीच ठेवा.