अनेल्का 'वाया गेला' हे पटलं नाही

फ्रान्सचा फुटबॉलपटू निकोला अनेल्का इतके क्लब फिरला म्हणजे त्याची कारकीर्द वाया गेली, हे त्याच्यावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने 1997 मध्ये त्याला सुमारे 5 लाख पौंडांत घेतलं आणि दोन वर्षांनी स्पेनच्या रेआल माद्रिदला 2 कोटी 20 लाख पौंडांच्या वर विकलं. त्याच माद्रिदसाठी 2000 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही सामन्यांत त्याने गोल केले. त्या गोलांचा तर लेखात उल्लेखही नाही! पुढे चेल्सीकडून 2008-09 मध्ये 19 गोल करून तो प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगचा, सर्वाधिक गोलांसाठीचा गोल्डन बूट घेऊन गेला. वाया गेलेला माणूस हे करतो का?

2014 मध्ये तो इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी क्लबकडून खेळायला आला तेव्हा मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याला पाहिलंय. वय 35. पळणं कमी झालं होतं, पण गोलकडे पाठ करून पार मध्यरेषेजवळ यायचा, चेंडू पायाशी आला की एकाच स्पर्शात बाजूच्या पोराला मोकळा करून द्यायचा. आमच्या स्टँडमधली अकादमीची मुलं श्वास रोखून फक्त त्याचे पाय बघत होती.