गेटऑप्ट असताना हा हट्ट कशाला?

पुरे झालं आता! कुणाचाही सी प्रोग्रॅम उघडा, कमांड लाइनवर दिलेले ऑप्शन वाचायला मेनमध्ये तेच: एक फॉर लूप, आत स्ट्रकम्पची (दोन शब्द जुळतात का ते बघणाऱ्या फंक्शनची) माळ, प्रत्येक ऑप्शनला वेगळा इफ. अरे, हेच काम करणारं गेटऑप्ट फंक्शन पोझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सछाप सिस्टिमांच्या प्रमाणकात, आहे ना? मग हातानं कशासाठी?

बरं, हातानं करायचंच तर नीट तरी करा! डॅश ओ (पुढे आउटपुट फाइलचं नाव) दिसला की डोळे मिटून पुढचा आर्ग्युमेंट उचलायचा. डॅश ओ शेवटचाच असला तर? तिथे नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा पॉइंटर, असतो. फाइलचं नाव द्यायचं राहिलं म्हणून थेट सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमच कोसळायचा? डॅश ए आणि डॅश बी वेगवेगळे चालतात, जोडून डॅश एबी लिहिलं की 'अनोळखी ऑप्शन'.

ऑप्शनमधल्या मजकुरातून आकडा वाचायला एटूआय फंक्शन! '12क्ष' दिलं तरी 12, नुसतं 'क्ष' दिलं तर 0. चूक कळायची कशी? त्याच कामाचं स्ट्रटोल वाचताना कुठे थांबलो ते पॉइंटरमधून सांगतं, पण ते वापरायचं कुणी?

गेटऑप्ट वापरणारे तरी काय करतात? गेटऑप्ट इंट (पूर्णांक) परत देतं, ऑप्शन संपले की -1; हे लोक तो एका बाइटच्या कॅरमध्ये ठेवतात. इंटेलवर चालून जातं. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर साधा कॅर अनसाइन्ड (ऋण आकडे न ठेवणारा), -1 चे होतात 255, आणि लूप थांबायची अट कधी जुळतच नाही. मॅन पेज (फंक्शनची माहिती देणारं पान) वाचायला काय जातं यांचं?

आणि वैतागून डॅश डॅश हेल्प लिहावं, तर प्रोग्रॅम त्या नावाची फाइल उघडायला जातो!