गुरुजी, कोयंडा तुटतो, कुलूप नाही

नमस्कार गुरुजी,

उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल आधी माफी. आमच्या केळीच्या अडतीवर मार्चअखेरचे हिशेब चालू होते आणि तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत वाटेला लावणं बरं दिसलं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरुजी शहाद्याचे, निवृत्त शिक्षक. मी छंद म्हणून किल्लीशिवाय कुलपं उघडतो, त्यावरचा माझा लेख वाचून ते चिडले. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचे शेजारी घर बंद करून गावी गेले होते, परत येऊन बघतात तर घरफोडी. अशा दिवसांत शिकल्यासवरल्या माणसाने ‘चोरांची शाळा’ उघडावी याची त्यांना लाज वाटते. ही विद्या गुप्तच राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि जाता जाता एक टोला: ‘माझ्या माळ्यावरच्या पेटीची किल्ली दहा वर्षांपूर्वी हरवली, उद्या ती उघडायलाही याल काय?’

पेटीचं शेवटी बोलू. आधी शेजाऱ्यांचं घर.

तुम्ही लिहिलंय, ‘चोरटे कडीकोयंडा तोडून आत शिरले.’ घरफोडीची बातमी आपल्याकडे याच शब्दांत येते. जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या, ‘बंद घराचा कडीकोयंडा तोडून’ हे शब्द जणू छापखान्यात जुळवूनच ठेवलेले असतात. कुलूप नजाकतीने उघडून चोर आत गेल्याचं तुम्ही शेवटचं कधी वाचलंत?

दोन वर्षांपूर्वी आमच्याच कॉलनीत, चार घरं सोडून, असं झालं. पोलीस यायच्या आधी बघ्यांत मीही होतो. कुलूप जमिनीवर पडलेलं होतं, बंदच्या बंद, त्याच्या दांडीत कोयंडा अडकलेला आणि कोयंड्याला चार स्क्रू. त्या स्क्रूंच्या आट्यांत चौकटीच्या लाकडाचा भुगा तसाच भरलेला होता. पाऊण इंचाचे स्क्रू. कुलूप चांगलं, जाडजूड, पाच-सहाशेचं, त्यावर साधा ओरखडाही नाही. घरमालक ते हातात घेऊन म्हणत होते, ‘इतकं भारी कुलूप लावलं होतं हो!’ कुलपाने त्याचं काम केलं होतं. दगा दिला तो दहा रुपयांच्या स्क्रूंनी.

चोराला माझी विद्या लागतच नाही, ती अशी. त्याच्याकडे टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, असते, आणि अंधारात, घाईत, धडधडत्या छातीने त्याला दहा सेकंदांत आत जायचं असतं. मी टेबलावर, दिव्याखाली, चहा घेत साधं पाच पिनांचं कुलूप सात-आठ मिनिटांत उघडतो, तेही चांगला दिवस असेल तर. कधी दोन-दोन संध्याकाळी जातात आणि ते उघडत नाही. या वेगाने चोऱ्या करायला निघालो तर सकाळच्या दूधवाल्यापर्यंत दारातच बसलेला सापडेन.

हा नाद लागला कसा, तेही सांगतो, कारण तुम्ही ‘यूट्यूबचे संस्कार’ म्हणालात. यूट्यूब नंतर आलं. आधी आला चावीवाला. वडील गेले त्या वर्षी त्यांच्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडेना. कोर्टाबाहेर छत्री लावून बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चावीवाल्याला घरी आणलं. आत आल्या आल्या तो म्हणाला, ‘शेजारना कोनले तरी बलावा.’ मला कळेना. मग म्हणाला, साक्षीदार असल्याशिवाय मी परक्या कपाटाला हात लावत नाही. शेजारच्या काकू येऊन बसल्या तेव्हाच त्याने पिशवी उघडली.

त्याने एक कोरी किल्ली आत घातली, दाबून थोडी पिळली, बाहेर काढली आणि उन्हात धरली. ‘दिसला का ठिपका?’ मला काही दिसेना. पितळेवर सुईच्या टोकाएवढी एक चकाकी होती. किल्ली जिथे आत अडत होती तिथला तो व्रण. त्यावर कानशीचे दोन हात, परत आत, परत पीळ, परत उन्हात. ठिपका सरकला, कानस सरकली. वीस मिनिटांत कोऱ्या पट्टीची किल्ली झाली आणि कपाट उघडलं. कुलूप स्वतःच सांगत होतं, मला इथे घास, आता इथे घास. मी अकाउंट्सचा माणूस. न जुळणारा ताळेबंद असाच एकेक ठिपका बघत जुळवायचा असतो. त्या दिवशी मला ते कपाट ओळखीचं वाटलं.

पुढच्याच रविवारी भंगारातून गाडीच्या वायपरच्या दोन पोलादी पट्ट्या आणल्या आणि हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडला कानस लावून बसलो. आई दारातून म्हणाली, ‘हाई काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ तिला त्या दिवशीही नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून बघतो.

साध्या पिनांच्या कुलपात पाच पिना असतात, प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, वरून स्प्रिंगचा दाब. बरोबर किल्ली गेली की पाचही ठिकाणचे सांधे एका रेषेत येतात आणि मधला सिलिंडर फिरतो. कारखान्यात ती पाच भोकं एका ओळीत पाडतात, पण केसभर इकडेतिकडे होतातच. म्हणून सिलिंडरला वायपरच्या पट्टीने किंचित पीळ दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत, एक आधी अडकते. ती चाचपून शोधायची आणि हलकेच उचलायची. ‘टिक’ असा आवाज येतो, खरं तर आवाजापेक्षा तो बोटालाच जास्त कळतो. मग पुढची. पीळ जास्त झाला तर सगळं घट्ट बसतं, कमी झाला तर बसलेल्या पिना खाली येतात. जवळजवळ सगळं कसब त्या पीळ देणाऱ्या डाव्या हातात आहे, आणि हे कळायला मला चार महिने लागले. अलीगढहून येणारी लिव्हरची कुलपं वेगळ्याच जातीची, आतल्या पत्र्याच्या पट्ट्या एका उंचीला आणायच्या असतात. त्यांनी मला अजून दाद दिलेली नाही.

आता ‘गुप्त राहावी’ याबद्दल. गुरुजी, हा वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये रंगून गेलाय. पिकॅडिलीत ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप ठेवलेलं असे, किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी इनाम. वर्षानुवर्षं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ साली तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्याला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्स नावाचा कुलूपवाला आला. आधी त्याने चब कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप उघडलं. भलत्याने हात लावला की अडकून बसावं आणि मालकाला कळावं, अशी त्या कुलपाची योजना होती. याने ते अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपावर १६ दिवसांत मिळून ५१ तास बसला आणि तेही उघडलं. इनाम त्याला मिळालं, पण आरडाओरडही झाली: हे चारचौघांत कशाला दाखवायचं, चोर शिकतील! पुढे १८५३ साली निघालेल्या कुलपांवरच्या एका इंग्रजी पुस्तकात त्याला उत्तर आहे. त्याचा मथितार्थ असा, की चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, आपण शिकवू त्याहून जास्त त्यांना आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा.

मला हे पटतं. त्या आरडाओरडीनंतर कुलपं सुधारली, हे तर दिसतंच आहे. काचेतलं ते कुलूप झाकून ठेवलं असतं तर ‘न उघडणारं’ म्हणून आणखी पन्नास वर्षं विकलं गेलं असतं.

तरी तुमचं सगळंच चुकीचं आहे असं नाही. दोन गोष्टींत तुम्ही बरोबर आहात.

एक, त्या लेखात मी माझ्या टेबलाचा फोटो टाकला होता. त्यात मागच्या बाजूला आमच्या घराचं दार, त्यावरच्या कुलपाची कंपनी आणि हुकाला टांगलेल्या किल्लीचे दातसुद्धा दिसत होते. तुम्ही लिहिलंत, ‘स्वतःच्या दाराचा पत्ता देणारा हा कसला सुरक्षेचा जाणकार.’ बरोबर. किल्लीचा स्पष्ट फोटो म्हणजे अर्धी किल्लीच. तो फोटो काढलाय, कुलूपही बदललंय.

दुसरी, तुम्हाला काळजी आहे ती पोरांची. त्या लेखाखाली दहावीतल्या एका मुलाने विचारलं होतं, ‘हे सामान दप्तरात ठेवलं तर चालेल का?’ त्याला मी नुसता हसरा चेहरा पाठवून मोकळा झालो. तिथे चुकलोच. त्याचं खरं उत्तर आता देतो. नाही चालणार, बाळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे ज्याच्याकडे सापडलं त्यानेच सिद्ध करायचं. कुणाच्या घरात बेकायदा शिरण्यासाठी कुलूप उघडलं, तर ते न तोडता उघडलं म्हणून सुटका नाही. जुन्या दंड संहितेतही ती घरफोडीच होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. माझं सामान घरच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि तिथेच राहतं.

बाहेरदेशी या छंदाच्या रीतसर मंडळ्या आहेत, जर्मनीत आहे, नेदरलँड्समध्ये आहे. तिथे कुलूप उघडण्याच्या स्पर्धा होतात. त्यांचे दोन नियम सगळीकडे पाळले जातात: कुलूप आपलं नसेल आणि मालकाची परवानगी नसेल तर हात लावायचा नाही, आणि जे कुलूप वापरात आहे त्याला, स्वतःचं असलं तरी, हात लावायचा नाही.

पहिला नियम मी कधी मोडला नाही. दुसरा एकदाच मोडला. श्रावणातली गोष्ट. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाला, आम्ही सगळे भावाकडे गेलो होतो, रात्री साडेदहाला परतलो. किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती, पण पुतण्यासमोर मला मोठेपणा मिरवायचा होता. केसांची पिन वाकवली आणि दाराच्या कुलपात घातली. तीनेक मिनिटांनी कट् असं झालं. पिनेचं टोक आतच तुटलं. त्यानंतर खरी किल्लीही आत जाईना. बाहेर पाऊस, जिन्यात आई, बायको, झोपेने पेंगुळलेली मुलगी आणि हातात रोटांचा डबा. त्याच म्हाताऱ्या चावीवाल्याला फोन केला. तो रेनकोट घालून सायकलवर आला, टॉर्च तोंडात धरला, बारीक चिमट्याने तुकडा ओढून काढला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, ‘याले सांगा, चालू कुलूप से ते.’ पैसे दीडपट घेतले. बायको अजून तो तुकडा दाखवते, फ्रिजवरच्या मॅग्नेटला चिकटवून ठेवलाय.

आता तुमच्या शेजाऱ्यांसाठी, कारण आखाजी परत तोंडावर आली आणि अर्धी कॉलनी गावी जाणार. नवं कुलूप घेण्याआधी त्यांना कोयंडा बघायला सांगा. कुलूप लावल्यावर कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात का? दिसत असतील तर चोराला साधा पेचकस पुरे. कडी मिटल्यावर स्क्रू झाकले जातील असा कोयंडा मिळतो. तो पाऊण इंची स्क्रूंनी ठोकू नका, दाराला आरपार बोल्ट घालून आतून नट आवळा. चौकट जुनी असेल, वाळवीने खाल्लेली असेल, तर आधी सुताराला बोलवा. कुलपाची दांडी जाड हवी आणि तिच्यात नि कोयंड्यात टॉमीचं टोक शिरेल एवढी फट राहायला नको. आणि बाहेर कुलूप लटकताना दिसणं हीच ‘घरी कोणी नाही’ची पाटी असते. दारातच बसवलेलं कुलूप परवडत असेल तर ते घ्या.

राहिली तुमची पेटी.

येईन की, गुरुजी. पेटी तुमची, बोलावणं तुमचं आणि दहा वर्षं ती वापरात नाही, म्हणजे दोन्ही नियमांत बसतं. जुन्या पेटीला बहुतेक लिव्हरचंच कुलूप असणार, तेव्हा मला जमेल असा शब्द देत नाही. नाही जमलं तर शहाद्यातला चावीवाला बोलावू, मी त्याच्या शेजारी बसून ठिपका बघेन. फक्त साक्षीला त्या शेजाऱ्यांना बोलावून ठेवा. आणि बस सकाळचीच पकडतो, कलम १२२ मुळे मला सूर्य मावळायच्या आत सामानासकट घरी पोचायचंय.