कोंबडी शाकाहारी नाही

परवा शेजारच्या इमारतीतील एक वहिनी आमच्या अंगणात आल्या असताना आमच्या तांबड्या कोंबडीने उंदराचे पिल्लू पकडले. चोचीत धरून तिने ते दोन-तीनदा जमिनीवर आपटले आणि बाकीच्या कोंबड्या मागे लागताच ती केळीच्या आडोशाला पळाली. तिथे मान उंच करून तिने ते अख्खे गिळले. वहिनींना किळस आली. आता ही अंडी घ्यावीत की नाही, असे त्यांनी अगदी मनापासून विचारले.

घ्यावीत, असेच माझे उत्तर आहे. कोंबडी ही रानकोंबड्याची वंशज आहे आणि पाचोळा उकरून सापडेल ते टिपणे हा तिचा स्वभावच आहे. वाळवी, झुरळे, नाकतोडे, गांडुळे, लहान पाल, बेडकाचे पिल्लू यांपैकी ती काहीच सोडत नाही. बेलापूरला आमच्या दिवाळे गावात जवळा वाळत घातला की कोंबड्यांवर लक्ष ठेवायला घरातले एक माणूस बसवावेच लागते. पहिल्या पावसानंतर रात्री दिव्याभोवती घोंगावणारी पंखांची वाळवी सकाळी अंगणभर पडलेली असते. झाडू हाती घेईपर्यंत कोंबड्यांनी ती साफ केलेली असते. खुडूक बसून पिल्ले काढलेली कोंबडी तर सापडलेला किडा स्वतः न खाता चोचीने उचलते, खाली टाकते आणि पिल्ले धावत येईपर्यंत कुट्‌कुट् करत राहते.

दात नसल्यामुळे ती सगळे अख्खेच गिळते. ते आधी गळ्याजवळच्या पिशवीत साठते आणि पुढे, चिकनच्या दुकानात ज्याला पेटा म्हणतात त्यात, गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने भरडले जाते. म्हणून ज्यांचे अंगण सिमेंटचे आहे त्यांनी बारीक खडे वेगळे ठेवावेत. शिकारीमुळे खाद्य बंद करता येत नाही, हेही खरे. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. किड्यांमधून मिळणारी प्रथिने ही त्यावरची भर, आणि पिसे झडून नवी येत असताना ती फार मोलाची ठरते, कारण पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनांचेच असते. बलक केशरी होतो तो मात्र किड्यांमुळे नव्हे, तर मुख्यतः हिरव्या पाल्यामुळे आणि मक्यामुळे.

मला भीती वाटते ती माणसांनी टाकलेल्या गोष्टींची. थर्माकोलचे दाणे कोंबड्या हावरटासारख्या टिपतात. गेल्या पावसाळ्यात भिंतीपलीकडच्या एका सोसायटीने गटाराच्या कडेला उंदरांसाठी विषारी दाणे उघड्यावर टाकले आणि आम्हाला कोणी सांगितले नाही. उंदरांसाठीच्या विषात बहुधा झिंक फॉस्फाइड असते. पोटातल्या आम्लाशी संयोग होताच त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. त्या संध्याकाळी आमच्या दोन कोंबड्या पंख पसरून पडल्या आणि रात्रीतच गेल्या. त्यांतली एक अंड्यावर बसणार होती, तिच्यासाठी मी टोपलीत पेंढा घालून ठेवला होता.

उंदीर मारू नका असे मी म्हणत नाही, परंतु विष बंद पेटीत ठेवावे आणि आदल्या दिवशी शेजारी सांगावे, एवढी विनंती आहे. निरोप आला की मी तेवढे दिवस कोंबड्या खुराड्यातच ठेवीन.